मेटल डिटेक्टिंगच्या क्लबात जाऊ का? (भिडस्त माणसाचा प्रश्न)

ढेकूळ | १४ ऑगस्ट, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचक आहे, लिहायचं धाडस पहिल्यांदाच करतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी इंग्लंडमध्ये सफक परगण्यात राहते, इप्सविचपासून अर्ध्या तासावर. नोकरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. दिवसभर मायक्रोस्कोप आणि मी. बोलावं लागत नाही म्हणून ही नोकरी मला मानवली असं नवरा म्हणतो, आणि ते खोटं नाही.

मार्चमध्ये वाढदिवसाला त्याने मला मेटल डिटेक्टर आणून दिला. अडीचशे पौंडांचा, नवशिक्यांचा. त्याचं कारण असं, की माझं माहेर श्रीरामपूर तालुक्यात, घर शेतातच. लहानपणी नांगरट झाली की मी वडिलांच्या मागे नांगराच्या तासातून चालत खापऱ्या वेचायचे. एकदा पावसानंतर शिवराई सापडली. आईने ती धुऊन देवघरात ठेवली, अजून तिथेच आहे. हा किस्सा मी नवऱ्याला इतक्यांदा ऐकवलाय की बहुधा तो थांबवण्यासाठीच त्याने यंत्र घेतलं असावं.

पाच महिन्यांत घरामागची बाग चाळून झाली. मिळकत: चौतीस खिळे, एक चमचा, कॅनच्या कड्या (मोजणं सोडून दिलं), १९६७ ची एक पेनी आणि आधीच्या घरमालकाच्या कुत्र्याचा बिल्ला. नाव बस्टर. आता हिरवळीवर खड्डा करायला जागा उरलेली नाही.

जवळच एक क्लब आहे. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी गावच्या हॉलमध्ये बैठक आणि कापणी झाली की रविवारी कुणाच्या तरी शेतावर सगळे मिळून शोधमोहीम. नियम असा की आधी दोन बैठकांना यायचं, मग सभासदत्व, मग शेत.

जुलैमध्ये गेले. गाडी लावली. दारातून आतला उजेड दिसत होता. वीसेक माणसं, बहुतेक साठीपुढचे पुरुष, हातात चहाचे मग. मी बारा मिनिटं गाडीत बसून फोन बघण्याचं नाटक केलं आणि घरी आले. नवऱ्याला सांगितलं, बैठक रद्द झाली. ऑगस्टमध्ये दारापर्यंत पोचले. आत एक जण टेबलावरची एकेक वस्तू उचलून विचारत होता, "हे कुणाचं? कुठे मिळालं?" आणि ज्याचं असेल त्याला उभं राहून सांगावं लागत होतं. मी तिथूनच वळले.

त्यात त्या खोलीत बाई बहुधा मी एकटीच असणार, आणि भारतीय तर नक्कीच एकटी. इथल्या म्हाताऱ्यांचे उच्चार मला अजून नीट कळत नाहीत, दोनदा "सॉरी?" म्हटलं की तिसऱ्यांदा मी नुसती हसते.

तर प्रश्न असा की क्लबात न जाता हे करता येतं का? आणि जावंच लागत असेल तर माझ्यासारखीने कसं जावं?

---

पावशेर | १४ ऑगस्ट, रात्री ११:०५

हंडा सापडला तर या संस्थळाला दहा टक्के, हे आत्ताच लिहून द्या. (दिवा घ्या, म्हणजे गंमत समजा.)

बाकी नवऱ्याला खोटं सांगितलंत ते आवडलं नाही. तोही इथे वाचक असेल तर काय करणार?

---

उंबरठा | १५ ऑगस्ट, सकाळी ७:२०

मी शेजारच्या नॉरफोकमध्ये, सात वर्षं या नादात आहे. स्वभाव तुमच्यासारखाच. लग्नात आहेराच्या रांगेत उभं राहायला लागू नये म्हणून वाढपी झालेला माणूस मी.

क्लबशिवाय करता येतं. पण तुम्ही एक गोष्ट धरलेली नाही. इथे प्रत्येक इंच जमीन कुणाची तरी असते आणि मालकाच्या परवानगीशिवाय यंत्र फिरवणं म्हणजे घुसखोरी. बागा-मैदानं कौन्सिलची, तिथेही परवानगी लागते. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत तर १९७९ च्या कायद्याने यंत्र वापरणंच गुन्हा आहे. म्हणजे क्लब नको असेल तर शेतकऱ्याचं दार वाजवायचं, चिखलाच्या बुटांतल्या अनोळखी माणसाला आपण कोण, कुठले, त्याच्या शेतात काय करणार हे सांगायचं आणि सापडेल त्यातलं अर्धं तुझं हेही तिथेच ठरवायचं.

मी पहिल्या वर्षी क्लब टाळला आणि एकोणीस दारं वाजवली. सतरा ठिकाणी नाही. एका ठिकाणी कुत्रं. एका ठिकाणी "बघू". त्या "बघू"चं अजून बघणंच चालू आहे. प्रत्येक दारासमोर मी आधी गाडीत बसून वाक्यं पाठ करायचो आणि दार उघडलं की पहिलंच वाक्य विसरायचो. क्लबात हे सगळं सेक्रेटरी करतो. आपण रविवारी फक्त ठरलेल्या गेटपाशी जायचं. तेव्हा माणसं टाळायची म्हणून क्लब टाळू नका, हिशेब उलटा बसतो.

शेतावर काय होतं तेही सांगतो. नऊ वाजता सगळे गाडीमागे बूट चढवतात. सेक्रेटरी पाच मिनिटं बोलतो: हद्द कुठवर, पेरलेल्या पट्ट्यात जायचं नाही, खड्डे बुजवा, कचरा खिशात घाला. मग सगळे हेडफोन लावतात आणि पांगतात. तीन तास एकेक माणूस आपापल्या ओळीत. समोरासमोर आलो की संभाषण असं:

"एनी लक?"
"बटन्स."
"सेम."

आणि दोघे पुढे. चाळीस माणसांत राहून एकटं असण्याची याच्याइतकी चांगली सोय मी दुसरी पाहिलेली नाही.

यंत्राबद्दल नंतर लिहीन. आधी एकच सांगतो, एनसीएमडी या राष्ट्रीय संघटनेचं सभासदत्व घ्या. त्यात एक कोटी पौंडांपर्यंतचा सार्वजनिक दायित्वाचा विमा येतो, आणि बहुतेक क्लब व शेतकरी तो विचारतातच.

---

मीठभाकर | १५ ऑगस्ट, दुपारी १:१०

उंबरठा यांच्याशी आदरपूर्वक असहमत.

मी लेस्टरला असतो. दोन क्लब करून सोडले. पहिल्यात "महिन्याची सर्वोत्तम वस्तू" अशी स्पर्धा असायची आणि तिच्यावरून साठ-साठ वर्षांची माणसं एकमेकांशी बोलेनाशी व्हायची. दुसऱ्यात एक महाशय माझं यंत्र बघून दर वेळी "हे खेळणं कुठून आणलंस?" विचारायचे. शिवाय क्लबची शेतं वर्षानुवर्षं चाळलेली असतात. वर शेतकऱ्याने ग्रीन वेस्ट (बागकचऱ्याचं खत) टाकलेलं असलं तर विचारूच नका. त्या खतात कॅनचे कापलेले तुकडे असतात, यंत्र पॉपकॉर्नसारखं तडतडत राहतं.

मला शेत मिळालं ते ऑफिसातल्या एकीच्या काकांचं. दार वाजवावं लागलं नाही. ओळखीतून विचारा. एक शेत, एक शेतकरी, वर्षातून एकदा दारूची बाटली. बास. कुणाला काही सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही.

भिडस्त माणसाने भीड मोडायलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय?

---

सातबारा | १५ ऑगस्ट, रात्री ९:४५

महसूल खात्यात बत्तीस वर्षं काढली, म्हणून थोडं अवांतर. धागा वाचून इथला कुणी उत्साही मित्र यंत्र मागवून गडावर चढायचा, म्हणून आधीच सांगतो.

आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा अजून चालू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं. दहा रुपये! आज त्यात कटिंग चहासुद्धा मिळायची मारामार, पण आकडा तोच. त्यावर १९७२ चा पुरावस्तू कायदा. आणि संरक्षित किल्ल्यावर खणणं म्हणजे सरळ फौजदारी. तेव्हा इंग्लंडचा छंद इंग्लंडातच ठेवा.

ढेकूळ ताई, श्रीरामपूर तालुका म्हणालात म्हणून आठवलं. दायमाबाद तुमच्याच तालुक्यात. १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल्ल झुडपाचं मूळ खणत होते आणि मातीतून रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस निघाली. कांस्याची, चारही मिळून साठ किलोंच्या वर. यंत्र नाही, क्लब नाही, एक कुदळ. तुमच्याकडच्या जुन्या पांढरीत पावसानंतर नाणी वर येतात ती येतातच. तुमची शिवराई तशीच आली असणार.

ती दहा रुपयांच्या आत होती असं मी धरून चालतो. :)

---

ढेकूळ | १६ ऑगस्ट, सकाळी ६:५०

सातबारा काका, आईला हे दाखवणार नाही, ती उद्याच कलेक्टर कचेरीत जाऊन बसेल.

उंबरठा, दार वाजवण्याचा मुद्दा माझ्या खरंच डोक्यात आला नव्हता. वाचून पोटात गोळा आला. मीठभाकर, माझ्या ओळखीत शेतकरी नाही. लॅबमध्ये माझ्याशिवाय सहा जण, त्यातले तीन केरळचे, एक नायजेरियाची, दोघं लंडनहून रोज ये-जा करणारे. कुणाच्याच काकांचं सफकमध्ये शेत नसणार.

शेतावरची भीती आता थोडी कमी झाली. भीती हॉलची आहे. त्या टेबलाची.

---

शेवंता | १६ ऑगस्ट, सकाळी ११:३०

मला डिटेक्टिंगमधलं काही कळत नाही, पण यॉर्कशायरच्या एका खेड्यातल्या घंटा वाजवणाऱ्यांच्या मंडळात मी चार वर्षं आहे. हो, चर्चच्या घंटा. तिथेही मी एकटी भारतीय, एकटी चाळिशीच्या आतली आणि एकटी हिंदू. तेव्हा अनुभवाचे बोल.

सगळ्यात मोठी चूक तुम्ही दोनदा केलीत, ती म्हणजे वेळेवर गेलात. वेळेवर गेलं की खोली भरलेली असते, दार उघडतं आणि वीस माना वळतात. वीस मिनिटं आधी जा. तेव्हा तिथे फक्त किल्लीवाला असतो आणि तो खुर्च्या मांडत असतो. दोन खुर्च्या उचला. पुढच्या लोकांना तुम्ही खुर्च्या मांडणारी बाई म्हणून दिसता, आणि खुर्च्या मांडणाऱ्या बाईला कोणी "आपण कशा काय इकडे?" विचारत नाही, "ही कुठे ठेवू?" विचारतं. याचं उत्तर देता येतं.

दुसरं म्हणजे सेक्रेटरीला आधी ईमेल करा. इंग्रजांना तोंडावर मनातलं बोललेलं झेपत नाही, पण लिहिलेलं फार छान झेपतं. मी लाजरी आहे, मला उभं राहून बोलायला लावू नका, असं स्वच्छ लिहा.

आणि उच्चारांचं मनावर घेऊ नका. माझ्या मंडळातल्या एका आजोबांचं चार वर्षांत मला निम्मंच कळलंय. त्यांनाही माझं निम्मंच कळत असणार. छान चाललंय.

---

कानामात्रा | १६ ऑगस्ट, संध्याकाळी ५:१५

शेवंतांना +१. थोडा शब्दांचा कीस पाडतो, माफी असावी.

धागाकर्तीने शीर्षकात "भिडस्त" लिहिलंय आणि इथे सगळे "लाजरी" धरून सल्ले देताहेत. दोन्ही वेगळं आहे. लाजणाऱ्याला लोकांची नजर नको असते. भिडस्ताला नजर चालते, त्याला "नाही" म्हणता येत नाही. लाजरा माणूस हॉलमध्ये जात नाही. भिडस्त जातो, आणि बाहेर येतो तेव्हा खजिनदार झालेला असतो.

ढेकूळ, तुम्ही यातल्या कोण? दोन्ही असाल तर खुर्च्या जपून मांडा.

---

पावशेर | १६ ऑगस्ट, रात्री १०:२०

कानामात्रा, हे मात्र खरं. सोसायटीच्या पहिल्याच मीटिंगला गेलो आणि सहा वर्षं पाण्याच्या टाकीचा हिशेब ठेवतोय.

जाता जाता, हा सगळा धागा वाचताना मला झारेकरी आठवले. लहानपणी आमच्या घरामागे सराफांची गल्ली होती. पहाटे दोघं-तिघं यायचे, सोनारांच्या दुकानांपुढची धूळ झाडून घमेल्यात भरायचे आणि पाण्यात घोळून त्यातला सोन्याचा कण न् कण काढायचे. एकमेकांशी बोलायचे नाहीत, वर बघायचे नाहीत. आजी म्हणायची, त्यांना हाक मारू नये, हात हलतो. उंबरठांच्या शेतातली हेडफोनवाली माणसं मला अगदी तशीच दिसली.

---

उंबरठा | १७ ऑगस्ट, सकाळी ८:०५

झारेकऱ्यांचं वर्णन आवडलं. आमच्यात घमेल्याऐवजी नाण्याची आशा असते, एवढाच फरक.

आता कायद्याचं, कारण ढेकूळ यांना क्लबचा हाही एक उपयोग आहे. इंग्लंड-वेल्समध्ये १९९६ चा ट्रेझर अ‍ॅक्ट आहे, अंमल १९९७ पासून. तीनशे वर्षांहून जुनी वस्तू आणि तिच्यात निदान दहा टक्के सोनं किंवा चांदी असेल तर ती "ट्रेझर". एकच चांदीचं नाणं सापडलं तर ते त्यात येत नाही. एका जागची दोन आली की येतात. तांब्या-पितळेची असतील तर दहा लागतात. २०२३ मध्ये व्याख्या वाढवली, आता दोनशे वर्षांवरची, इतिहासात अपवादात्मक महत्त्वाची धातूची वस्तूही धरतात. असं काही मिळालं की चौदा दिवसांत कॉरोनरला कळवायचं. हो, मृत्यूची चौकशी करणारा तोच कॉरोनर. संग्रहालयाने घ्यायचं ठरवलं तर किंमत ठरते आणि बक्षीस साधारणपणे शोधणारा व जमीनमालक यांच्यात अर्धं-अर्धं होतं.

२०१५ मध्ये हेरफोर्डशायरात दोघांनी वायकिंगांच्या काळातला साठा उकरला आणि कळवलाच नाही. नाणी साधारण तीनशे असावीत असा अंदाज, हाती लागली तीसेक. दोघंही २०१९ मध्ये तुरुंगात गेले. कळवलं असतं तर कायदेशीर वाट्यातच श्रीमंत झाले असते.

उलट उदाहरण तुमच्याच सफकचं. १९९२ मध्ये हॉक्सन गावात एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. त्याने एरिक लॉज या यंत्रवाल्या मित्राला शोधायला सांगितलं. लॉजना रोमन काळातली चौदा हजार आठशे पासष्ट नाणी, शिवाय सोन्याचे दागिने आणि चांदीचे चमचे सापडले. त्यांनी थोडं दिसताच खणणं थांबवलं आणि बातमी दिली, म्हणून बाकीचं पुरातत्त्ववाल्यांना जागच्या जागी, नीट नोंदवून काढता आलं. साडेसतरा लाख पौंड मिळाले, ते त्यांनी शेतकऱ्याशी वाटून घेतले. हातोडाही सापडला. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

"ट्रेझर" नसलेल्या वस्तूंसाठी प्रत्येक भागात फाइंड्स लायझन ऑफिसर असतो. खापर, बकल, बटण, काहीही दाखवा, तो नोंद करतो. पुष्कळ क्लबांत हा अधिकारी स्वतः बैठकीला येतो. मीठभाकर, एकट्याच्या शेतात तो येत नाही. आणि खिशातली वस्तू नुसती खिशात राहिली तर ती कुठल्या बांधापाशी मिळाली हे तुमच्याबरोबरच जाणार.

---

मीठभाकर | १७ ऑगस्ट, दुपारी १२:४०

नोंदणीचा मुद्दा मान्य. मी वर्षातून दोनदा पेटी घेऊन जातो त्याच्याकडे. पण तेही अपॉइंटमेंट घेऊन, एकटा. :)

---

ढेकूळ | १९ ऑगस्ट, रात्री ११:३०

ईमेल केला. चार वेळा लिहून पुसला. शेवटी सगळं खरं लिहिलं. दोनदा आले, दोनदा परत गेले, एकदा दारातून.

आज उत्तर आलं. तुमच्यासाठी भाषांतर करते: "दोनदा गाडी लावलीत, ती मी एक बैठक धरतो. सप्टेंबरची झाली की दोन होतील. टेबलाचं काम माझ्याकडेच असतं, तुम्हाला हाक मारणार नाही. हॉल साडेसहाला उघडतो."

---

शेवंता | १९ ऑगस्ट, रात्री ११:४४

साडेसहाला हॉल उघडतो असं त्याने आपणहून लिहिलं! हा माणूस चांगला आहे. सहा पंचवीसला पोचा.

---

ढेकूळ | ३ सप्टेंबर, सकाळी ७:१०

काल जाऊन आले. सहा वीसला पोचले. किल्लीवाला म्हणजेच सेक्रेटरी. खुर्च्या मांडल्या, अठ्ठावीस. मग त्याने चहाच्या बॉयलरपाशी उभं केलं आणि मी सगळ्यांना चहा देत राहिले. कानामात्रा, तुमची आठवण झाली, पण पद अजून दिलेलं नाही. बायका दोन होत्या, मला धरून तीन.

आता गंमत. एक आजोबा, ऐंशीच्या आसपास, चहा घेताना म्हणाले, "यू आर फ्रॉम इंडिया? वेट." आणि खिशातून प्लास्टिकच्या पाकिटातलं एक तांब्याचं नाणं काढलं. एका बाजूला ढाल, सिंह आणि १८०८. दुसऱ्या बाजूला अरबीसारखी अक्षरं आणि खाली रोमन लिपीत वीस कॅश. "चाळीस वर्षं माझ्याकडे आहे. वाच ना, काय लिहिलंय?"

मला कुठलं वाचता येतंय! मागे तीन माणसं चहासाठी थांबलेली. मी लाल झाले, म्हटलं ही माझी भाषा नाही. ते म्हणाले, "ओह. आय थॉट यू'ड नो." आणि इतके हिरमुसले की मला अपराध्यासारखं वाटलं. म्हणून मी अक्षरांचा फोटो मागून घेतला आणि शोधून सांगते म्हणाले. म्हणजे पुढच्या वेळी मी स्वतःहून त्यांच्याशी बोलायचं हे मीच ओढवून घेतलं.

फोटो टाकतेय. कुणाला वाचता येईल का?

---

कानामात्रा | ३ सप्टेंबर, दुपारी २:००

फारसी आहे. "बिस्त कास चहार फलूस अस्त." वीस कास (म्हणजेच कॅश) म्हणजे चार फलूस, दोन्ही तेव्हाची छोटी नाणी. फक्त दर लिहिलाय, कविता नाही. बिस्त म्हणजे वीस, चहार म्हणजे चार. आजोबांना सांगा, मराठीचं आणि याचं तसं दूरचं नातं आहेच.

नाणं ईस्ट इंडिया कंपनीचं, मद्रास इलाख्यात चालवायचं, पण पाडलं बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीत. १८०८ ची ही नाणी घेऊन निघालेलं "अ‍ॅडमिरल गार्डनर" जहाज १८०९ च्या जानेवारीत केंटच्या किनाऱ्यासमोर गुडविन सँड्सवर बुडालं. विसाव्या शतकात पाणबुड्यांनी त्यातली ढिगाने वर काढली. आजोबांचं नाणं बहुधा त्यातलंच, मद्रासचं तोंड न पाहिलेलं.

---

सातबारा | ३ सप्टेंबर, रात्री ८:३०

वीस कास. दहा रुपयांच्या आत. चालेल.

---

ढेकूळ | १५ सप्टेंबर, रात्री ९:२०

काल पहिली मोहीम. कापलेल्या गव्हाचं शेत, बोटभर उंचीचे खुंट. त्यांच्यावरून कॉइल (यंत्राची खालची चकती) फिरताना कराकरा आवाज येतो. एकूण एकतीस जण. उंबरठांनी लिहिलेलं सगळं तंतोतंत, "एनी लक?"सकट. माझं उत्तरही तेच, बटन्स. सकाळभरात तीन बटणं, शिशाची एक गोळी (पांढरी पडलेली, हातात घेतली की वाटते त्यापेक्षा जड), नांगराचा एक बोल्ट आणि कॅनचे तुकडे खिसाभर.

अकराच्या सुमारास ओकच्या झाडापाशी आवाज आला. खिळ्याचा आवाज घोगरा, तुटक असतो. हा स्वच्छ होता, आडवं फिरवलं तरी, उभं फिरवलं तरी तोच. फावड्याने चौकोन कापला, माती बाजूला काढली. खड्ड्यात काही नाही. काढलेल्या मातीचं एक ढेकूळ उचलून कॉइलवरून फिरवलं, आवाज त्यात. मग ते वडिलांसारखं फोडलं, दोन्ही अंगठे मध्ये घालून. आत काळपट हिरवी, बिस्किटाएवढी जाड चकती. कडेला रुंद पट्टी आणि त्या पट्टीत अक्षरं खोदलेली. राजाचा चेहरा झिजून नुसता उंचवटा उरला होता. आकडा मात्र बोटाला लागला: १७९७.

मी तशीच गुडघ्यावर बसून राहिले. कुणाला हाक मारली नाही. हेडफोनही काढले नाहीत.

दुपारी टेबलावर वस्तू ठेवायच्या होत्या. सेक्रेटरी शब्दाला जागला, माझ्या वस्तूपाशी आला आणि पुढे जाऊ लागला. तेवढ्यात ते आजोबा मागून मोठ्याने म्हणाले, "हूज इज द कार्टव्हील?" (या जाडजूड नाण्याचं टोपणनाव.) एकतीस माणसं. मी उभी राहिले. म्हटलं, "माइन. बाय द ओक." आणि बसले. सेक्रेटरीने पुढचं बकल उचललं.

आजोबांना वीस कासचा अर्थ सांगितला. ते म्हणाले, हे कार्टव्हीलसुद्धा त्याच सोहो टांकसाळीतलं, बोल्टनच्या वाफेवर चालणाऱ्या यंत्रांवर पाडलेलं. मग त्यांनी दोन्ही नाणी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिली आणि मला "फॅलूस" असं तीनदा म्हणून दाखवलं. सुधारायचा धीर झाला नाही.

नवऱ्याला जुलै-ऑगस्टचं सांगून टाकलं. त्याला माहीत होतं, हॉलच्या वेबसाइटवर बैठकीच्या तारखा असतात.

नाण्याचा फोटो खाली.

---

पावशेर | १५ सप्टेंबर, रात्री ९:३१

फोटो दिसत नाहीये.